खंडेरीची बत्तीही किल्ल्याइतकीच जपा

माननीय केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मी अलिबाग तालुक्यातल्या थळचा. आमच्या किनाऱ्यावरून समोर समुद्रात आधी उंदेरी दिसते आणि तिच्या पलीकडे खंडेरी, दोन्ही किल्ल्यांची बेटं. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खंडेरीही आहे. गावाला त्याचा अभिमान वाटतो. पण बेटावर येणारी माणसं तटबंदी बघतात, तोफा बघतात, वेताळाला नारळ वाढवतात आणि दीपगृहापाशी, म्हणजे आमच्या बत्तीपाशी, एक फोटो काढून होडीत बसतात. त्या मनोऱ्याबद्दल त्यांना सांगणारं तिथे काहीच नाही.

१६७९ साली शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारातल्या मायनाक भंडारींकडून इथे किल्ल्याचं काम सुरू केलं, तेव्हा इंग्रज गलबतं घेऊन धावून आले, कारण मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर या बेटावरून नजर ठेवता येते. १७१८ मध्ये ते पुन्हा चालून आले आणि कान्होजी आंग्र्यांच्या माणसांनी त्यांना परतवलं. पुढे बेट इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी १८६७ मध्ये इथेच दीपगृह उभारलं, तेही याच कारणाने. दोनच वर्षांत सुवेझ कालवा खुला झाला आणि मुंबईकडे येणाऱ्या आगबोटी वाढल्या. म्हणून किल्ला वारसा आणि बत्ती निव्वळ सरकारी इमारत, ही वाटणी मला पटत नाही.

जगभरच्या दीपगृहांची यंत्रविद्या किती बदलत गेली! तेलाच्या ज्योतीचा उजेड चहूकडे सांडून वाया जायचा. फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२० च्या दशकात लोलकांची कडी रचून तो एका झोतात गोळा केला. ते जड भिंग फिरवायला घड्याळासारखी चक्रं असत. मनोऱ्याच्या पोकळीत सोडलेलं वजन हळूहळू खाली उतरे, त्यावर चक्रं चालत. वजन तळाला टेकलं की बत्तीवरच्या माणसाने हँडल मारून ते पुन्हा वर चढवायचं, वात कातरायची, काचेवरची काजळी पुसायची. पावसाळ्याच्या रात्री चहूबाजूंनी दर्या खवळलेला असताना हे काम करणाऱ्यांचा मला फार आदर वाटतो. नंतर पेट्रोमॅक्ससारखी मॅन्टलची बत्ती आली, मग वीज, आता एलईडी.

आमच्या होडीत जीपीएस आहे. तरी एका रात्री ते बंद पडलं, तेव्हा माझ्या भावाने बत्तीची लुकलुक मोजून घरची वाट धरली. प्रत्येक दीपगृहाची लुकलुक शेजारच्या दीपगृहांपेक्षा वेगळी ठरवलेली असते, म्हणूनच हे जमतं.

जुन्या बत्तीची नोंदवही बघायला मिळावी म्हणून मी एका कार्यालयाला तीनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मला राग कोणावर काढायचा नाही, पण कागद असतील तर ते वाळवीच्या तोंडी जाण्याआधी बाहेर यावेत.

१९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला. त्यात दीपगृहाला 'वारसा दीपगृह' म्हणून घोषित करण्याची तरतूद आहे. तो मान खंडेरीला द्या. जुनं भिंग, चक्रं, दिवे, वह्या यांतलं जे काही शिल्लक असेल त्याची यादी आणि छायाचित्रं झाल्याशिवाय दुरुस्तीच्या नावाखाली एकही तुकडा भंगारात जाऊ देऊ नका. कोणत्या साली कोणता दिवा बसला, हे मराठीत लिहिलेला फलक बेटावर लावा. पावसाळ्यात बेटावर जाता येत नाही, म्हणून एक छोटं दालन थळला किंवा अलिबागला हवं. आणि रोज संध्याकाळी बत्ती पेटतेय ती पेटती राहू द्या. जपणूक म्हणजे तिला नुसतं बघण्याची वस्तू करणं नव्हे.

दिवाळीनंतर दर्या निवळतो. तेव्हा एकदा या. थळहून होडी आमची, आणि बत्तीबद्दल ऐकलेलं सांगायला आमच्यातली जुनी माणसंही बरोबर येतील.

आपला,
थळचा एक कोळी