पश्याला पत्र: ज्वारी, मका आणि शेपटी हलवणारे कोल्हे

प्रिय पश्या,

तुझा तो भलामोठा व्हॉइस मेसेज ऐकला रे. म्हणे आपल्या पूर्वजांनी डोकं लावून रानातलं गवत निवडलं न् त्याची ज्वारी केली. मला नाही पटत. डोकं होतंच, पण प्लॅन वगैरे काही नव्हता.

बघ, रानटी ज्वारी पिकली की दाणे आपोआप गळतात, झाडाला काय, बी पसरलं की काम झालं. एखाद्या ताटात, म्हणजे ज्वारीच्या झाडात, बिघाड असतो, दाणा कणसाला धरूनच राहतो, रानात असलं ताट वाया जाणार. पण माणूस विळा घेऊन आला की गळणारे दाणे मातीत गेले न् घरी आली ती न गळणारी कणसं, पुढच्या वर्षी त्यातलंच बी पेरलं, आणि हे असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पूर्व सुदानात कसाला शहराजवळ सुमारे ५००० वर्षांपूर्वीची खापरं सापडलीत, मडक्याच्या मातीत मिसळलेल्या भुश्याचे ठसे आहेत त्यावर, आणि त्यात रानटी ज्वारी पण आहे न् लागवडीची पण. म्हणजे बदल अर्ध्यावर असतानाच पकडला गेला! लय भारी वाटलं मला. घडवली आफ्रिकेनं, भाकरीचा तोरा आपला.

मक्याचं तर विचारूच नको. मेक्सिकोतलं टिओसिंटे नावाचं गवत, कणसात जेमतेम दहाएक दाणे, तेही टणक कवचात. ९००० वर्षांत त्याचं हे एवढं कणीस झालं, पण आता ते रानात टाकून दिलं तर दाणे सुटतच नाहीत, सगळे एकाच जागी उगवून एकमेकांना मारतात.

आता तुझा कुत्रा. लांडग्याचा कुत्रा होताना बघायला कोण होतं, पण कोल्ह्याचं बघितलंय लोकांनी. १९५९ ला सोव्हिएत रशियात दिमित्री बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञाने फरसाठी पाळलेले रुपेरी कोल्हे घेतले, पुढे ल्युदमिला त्रुत बाईंनी ते काम कित्येक दशकं चालवलं. दर पिढीत बघायचं एकच, माणूस जवळ गेला की कोण घाबरत नाही, चावत नाही. रंग, कान काही बघायचं नाही. तर थोड्याच पिढ्यांत कोल्हे शेपटी हलवायला लागले, हात चाटायला लागले, काहींचे कान लोंबले, अंगावर पांढरे ठिपके आले, जे कोणी मागितलंच नव्हतं. आता काहीजण म्हणतात की हे कोल्हे मूळचे कॅनडातल्या फार्मवरचे, ठिपके तिथंच दिसत होते. असेलही, पण स्वभाव बदलला ते तर खरंच ना.

आणि हत्ती या पाळून बदललेल्यांत धरू नकोस. हजारो वर्षं माहूत आहेत, पण बरेचसे हत्ती रानातून धरूनच आणले, निवडून पैदास कुठं केली? शिकवलेला रानटीच तो.

तुझे अण्णा मळणीआधी बियाण्याला ठोसर कणसं बाजूला काढतात ते ठरवून केलेलं, मान्य, पण ते फार नंतरचं. त्यांना एक विचारशील का, निवडताना नुसता दाणा बघतात की कडब्यासाठी ताटाची उंची पण? मला वाटतं दोन्ही बघत असणार, पण तू विचारूनच सांग.

तुझा,
विन्या