सभेला आलेल्या माणसाची जबाबदारी कोणाची?

मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली

महोदय,

प्रचारसभेवर आयोगाची नजर असते. रात्री दहाला भोंगा बंद होतो. तुमचं व्हिडिओ पथक खुर्च्या मोजतं आणि त्यांचं भाडं उमेदवाराच्या खर्चात धरलं जातं. पण हार घालायला कोणाला पुढे सोडायचं, पुढाऱ्याला उशीर झाला तर ताटकळलेल्या गर्दीचं काय करायचं, हे शेवटी ऐनवेळी तिथे ज्याचा आवाज मोठा तोच ठरवतो. आयुष्यभर प्रचाराचं काम केलं, म्हणून हे खात्रीने लिहितो आहे.

मे १९९१ मध्ये मी काँग्रेसच्या प्रचारात होतो. पहिल्या टप्प्याचं मतदान २० तारखेला झालं होतं, आमचं बाकी होतं. २१ च्या रात्री उशिरापर्यंत आम्ही कचेरीत मतदारयाद्या पुढ्यात घेऊन स्लिपा लिहीत होतो. फोन आला. ज्याने उचलला त्याला काही बोलताच येईना. मग कोणीतरी रेडिओ लावला. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरच्या सभेत बॉम्बस्फोट घडवून राजीव गांधींची हत्या झाली होती. त्या गावाचं नाव आमच्यातल्या कोणीही तोवर ऐकलेलं नव्हतं. सकाळी वस्तीतल्या बायका कचेरीच्या पायरीवर येऊन बसल्या, घरातलं माणूस गेल्यासारख्या. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांनी उरलेलं मतदान १२ आणि १५ जूनवर नेलं, आणि आम्ही त्याच गल्ल्यांतून पुन्हा फिरलो. मतं मागताना लोक आमचंच सांत्वन करायचे.

त्या रात्रीचे फोटो पुढे छापून आले. काढणारा हरिबाबू स्फोटात मेला, कॅमेरा वाचला. अंगावर बॉम्ब बांधून आलेली, चंदनाचा हार हातात धरून उभी असलेली ती बाई त्यात दिसते. पण मी बघत राहतो ते तिच्या आजूबाजूच्या माणसांकडे. ती आमच्यासारखीच होती. एका महिला कार्यकर्तीची मुलगी राजीवजींना कविता म्हणून दाखवत होती. मायलेकी दोघीही गेल्या. पोलीस अधीक्षक महम्मद इक्बाल गेले, बंदोबस्तावरचे पोलीस गेले. सभा मरगतम चंद्रशेखर यांच्या प्रचाराची होती. राजीवजी पोहोचले तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते, आणि लोक तोवर वाट बघत थांबले होते. दरवर्षी २१ मेला सरकारी कार्यालयांत दहशतवादविरोधी दिनाची शपथ होते. त्या वेळी या माणसांची नावं मी कधी ऐकलेली नाहीत.

अनसूया नावाच्या महिला उपनिरीक्षकांनी त्या बाईला मागे सारलं होतं. राजीवजींनीच त्यांना थांबवलं, सगळ्यांना जवळ येऊ द्या म्हणून. लोकांना भेटणं हा त्यांचा स्वभाव होता आणि मी त्याला दोष देणार नाही. पंतप्रधानपद गेल्यावर एसपीजीचं, म्हणजे पंतप्रधानांच्या खास सुरक्षा पथकाचं, कवच काढून घेतलेलं होतं, तेही खरं. पण हत्येनंतर नेमलेल्या वर्मा आयोगाने सुरक्षेतल्या त्रुटी तपासल्या तेव्हा पक्षाच्या स्थानिक मंडळींवरही ठपका ठेवला. पोलिसांनी आखून दिलेली शिस्त कार्यकर्त्यांनीच मोडली होती. आमच्याकडे हे कोणी मोठ्याने बोलत नाही. मला वाटतं, बोललं पाहिजे, कारण आजही प्रत्येक पक्षात तेच चालतं. 'साहेबांचा माणूस आहे, सोडा' एवढं म्हटलं की कठडा उघडतो.

माजी पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठी कायदा त्याच वर्षी बदलला. व्यासपीठाखालच्या माणसासाठी काय बदललं? २७ सप्टेंबर २०२५ ला त्याच तामिळनाडूत, करूरमध्ये, राजकारणात उतरलेले अभिनेते विजय यांच्या सभेत चेंगराचेंगरी होऊन ४१ माणसं मेली. त्यांत लहान मुलंही होती. तिथे बॉम्ब नव्हता. दुपारपासून उन्हात उभी असलेली गर्दी होती, आणि नेता आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. करूरची बातमी बघताना मला १९९१ सालची ती कचेरी आठवली आणि रात्रभर झोप लागली नाही.

म्हणून माझी मागणी अशी. सभेच्या परवानगीतच लिहा की कठड्याशी उभ्या असलेल्या पोलिसाने 'नाही' म्हटलं तर ते अखेरचं. उमेदवार किंवा खुद्द नेत्यालाही ते फिरवता येणार नाही. नेत्याला ठरलेल्या वेळेपेक्षा किती उशीर चालेल याची मर्यादा घाला, ती ओलांडली की सभा रद्द. पक्षाचा बिल्ला लावून गर्दी सांभाळणाऱ्या पोरांना आधी पोलिसांकडून एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. ती पोरं मनापासून राबतात, पण गर्दी रेटायला लागली की काय करायचं हे त्यांना कोणीच शिकवलेलं नसतं. कायदा-सुव्यवस्था राज्यांकडे आहे, हे उत्तर मला माहीत आहे. तरी आचारसंहिता लागली की जिल्हाधिकारी जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणून तुमचंच ऐकतो. रात्री दहाचा नियम सगळे पक्ष पाळतात, कारण मोडला तर गुन्हा नोंदवला जातो हे त्यांना ठाऊक आहे. इथेही तसंच करा, आणि पुढच्या निवडणुकीची घोषणा होण्याआधी करा.

आपला,
प्रचारातला एक जुना कार्यकर्ता