पेटी उघडण्याआधी हे वाच

लकडगंज, नागपूर
रविवार रात्र

प्रिय मनू,

पेटी उद्या संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं निघेल, परवा सकाळी वाघोलीला उतरवून घे. एकटी उचलायला जाऊ नकोस, आत शेगडा आहे, लाकूड धरायचा तो लोखंडी शिकंजा. साक्षीला सोबत ने आणि रिक्षावाल्याला वजन आधीच सांग.

फोनवर जे झालं त्यावर मी काही लिहिणार नाही, असं आईला कबूल केलंय. तेव्हा फक्त हत्यारांचं लिहितो. कोणतं कसं ठेवायचं, कशाला काय लागतं, एवढंच.

सगळ्यात वर आबांच्या धोतराच्या फडक्यात लोखंडी रंधा आहे. पातं काढून काल धार लावली. उतार २५ अंशांचा आणि टोकाला ३० अंशांची बारीक धार, तुला शिकवली होती तशीच. पात्यावर जी दुसरी पट्टी बसते ती धारेपासून मिलिमीटरभर मागे ठेव. लाकडाचे रेषे उलटे फिरतात तिथे त्याहून जवळ आण, म्हणजे छिलका तिथल्या तिथे मोडतो आणि लाकूड उचकटत नाही. सागवानात सिलिकाचा अंश असतो, तो धार खातो, म्हणून दिवसातून एकदा दगडावर पातं फिरवायचा कंटाळा करू नकोस. तू बल्लारशहाच्या सागवानावर रंधा मारायला शिकलीस, बाई. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी तिथलंच सागवान गेलं, तेव्हा डेपोतले फोटो पाहून तू म्हणाली होतीस, "बाबा, हे तर आपलं लाकूड आहे." त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना चहा पाजला होता.

त्याखाली पटाश्या आहेत, ६, १२, १८ आणि २५ मिलिमीटरच्या. मुठी शिसवाच्या, आबांनी बसवलेल्या. त्यांना लाकडी मोगरीच मार, लोखंडी हातोडी मारलीस तर मुठी फुटतील. आणि धार लावायला ग्राइंडर जवळ करू नकोस. पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, मग कितीही घास, धार टिकत नाही. सवडीनं दगडावरच घास.

आता ग्राइंडरचं नाव निघालंच आहे, तर लिहितो.

तू पाठवलेला व्हिडिओ मी पुनःपुन्हा पाहिला. टेबल सुरेख झालंय, त्यावर मी येतोच. पण सतराव्या-अठराव्या सेकंदाला मागून तू दिसतेस, हातात चार इंची ग्राइंडर, त्याचं गार्ड, पात्यावरचं संरक्षक झाकण, काढलेलं आणि त्यावर लाकूड कापायचं दातेरी पातं. तू म्हणालीस, इथे सगळे असंच करतात. नागपुरातही करतात. हिंगण्याच्या एमआयडीसीत जा, गांधीबागेतल्या कुठल्याही साइटवर जा, तेच दिसेल. म्हणून ते बरोबर होत नाही.

तू इंजिनिअरिंग शिकलीस, मग हिशेबच मांडतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. १०० मिलिमीटरच्या चकतीची कड त्या वेगात ताशी २०० किलोमीटरच्या वर धावते. तू म्हणशील, सर्क्युलर सॉच्या, म्हणजे गोल पात्याच्या विजेच्या करवतीच्या, सात इंची पात्याची कडही जवळपास त्याच वेगानं जाते. खरं आहे. फरक वेगात नाहीच. सॉला खाली तळपट्टी असते, ती लाकडावर टेकते म्हणून पातं तिरकं होत नाही. खालचं गार्ड काम संपलं की आपोआप पात्यावर येतं. बटणावरचं बोट सुटलं की वीज तुटते. तुझ्या ग्राइंडरला यातलं काहीच नाही. तो हवेत धरलेला असतो, मनगट जरासं वळलं की पातं चिरेत अडकतं, एखादा दात गाठीत रुततो आणि सगळं मशीन उसळून तुझ्याकडे येतं. त्याचं बटण सरकवायचं आहे, एकदा पुढे सरकवलं की तिथेच राहतं. हातातून सुटलं तरी फिरतच राहणार. बोटाखालच्या बटणाच्या, पिस्तुलासारखी मूठ असलेल्या ड्रिलचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्ये मिळालं, शंभर वर्षांहून जास्त झाली त्याला. हात सुटला की मशीन थांबलं पाहिजे, एवढं तेव्हाच्या माणसांनाही कळलं होतं.

झालं, भाषण झालं. माफ कर. तू २६ वर्षांची आहेस, स्वतःच्या पैशानं शेड भाड्यानं घेतलीस, मी तुला शाळेतल्या पोरीसारखं बोलून राहिलो. आई आत्ताच मागून वाचून गेली आणि काही न बोलता दिवा मोठा करून गेली.

शेगड्याचं सांगतो. तो इतवारीच्या लोहाओळीत घेतलेला, तुझ्या जन्माच्या आधी. त्याच्या दांड्याला लोंबकळायला तुला फार आवडायचं. आजी ओरडायची, "काहून लटकून राहिली गं माकडासारखी?" आणि तू अजून एक गिरकी घ्यायचीस. जबड्यांना लाकडी पट्ट्या लावल्यात, त्या काढू नकोस, नाहीतर सागवानावर दातांचे वण उठतील. स्क्रूला महिन्यातून एकदा ग्रीस लाव. बोल्ट टेबलाच्या पायावर येतील असा बसव, नुसत्या फळीवर बसवलास तर करवत चालवताना सगळं टेबल हलेल.

काटकोन बघायचा गुण्या आबांचा आहे. वापरण्याआधी तपासून घे, प्रवासात आपटला असेल तर. सरळ कडेच्या फळीला टेकवून एक रेघ ओढ, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी ओढ. दोन्ही एकावर एक आल्या तर ठीक. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. आबा दर दसऱ्याला पूजेआधी हे करायचे. चुकीच्या हत्याराला हळदकुंकू लावू नये म्हणायचे.

पक्कड, पेचकस आणि पाने टपारियाचे आहेत, नाशिकचे. कानशी रत्नागिरीच्या. कानस पुढे जातानाच कापते, मागे आणताना उचलायची, हे तू नेहमी विसरतेस. घासत मागे ओढलीस की दात बोथट होतात. रंग लावलेलं लाकूड घासायला वेगळी कानस ठेवली आहे, मुठीला लाल दोरा बांधलाय.

रॅलीवूल्फचं जुनं ड्रिल तू मागितलं होतंस. ते पाठवत नाही. मुलुंडला बनलेलं, अजून कुरकुरत नाही, काँक्रीटलाही दमत नाही, पण त्याचं अंग धातूचं आहे. त्याला तीन पिनांचा प्लग आणि पक्कं अर्थिंग लागतं. तुझ्या शेडमधलं वायरिंग व्हिडिओत दिसलं, मला भरवसा नाही. नव्या मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, तिथे दोन पिना चालतात, कारण आत दुहेरी इन्सुलेशन असतं. तरीही घरमालकाला सांगून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, वीज गळली की ती तोडणारा स्विच, बसवून घे. तो नाही म्हणाला तर मला सांग, मी त्याच्याशी बोलतो. नाही, नको, तूच बोल. तुला जमेल.

त्याऐवजी माझं कॉर्डलेस ड्रिल पाठवतोय, दोन बॅटऱ्या आणि चार्जरसकट. दुकानात कुणी १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट यात फरक आहे म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नकोस. आत पाचच सेल असतात, ३.६ व्होल्टचे. त्याचे १८ होतात, आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीत २० भरतात, म्हणून काही जण २० छापतात. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात दुपारी चार्जिंगला लावू नकोस. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की मी बॅटऱ्या घरात माठाशेजारी ठेवतो आणि रात्रीच चार्ज करतो.

ड्रिल चालवताना हातमोजे नकोत. ओढणी नको. केस बांधलेले हवेत. व्हिडिओत मोकळे होते.

दिगूकाकाचं मी काही लिहिणार नव्हतो. पण तू तेव्हा आठवीत होतीस, तुला फक्त पट्टी दिसली. त्या दिवशी त्यानं ग्राइंडरचं गार्ड काढलं होतं, कारण मोठं पातं गार्डात बसत नव्हतं आणि काम घाईचं होतं, पार्टीला लग्नाआधी वॉर्डरोब हवा होता. दाराच्या चौकटीतली जुनी खिळ्याची डोकी त्याला दिसली नाहीत. मी दोन हात अंतरावर होतो. आवाज आधी आला, मग तो खाली बसला आणि मला म्हणाला, "दादा, बोटं शोध." दवाखान्यात त्यातलं एक जोडता आलं. आता तो पटाशी डाव्या हातात धरू शकत नाही, म्हणून बिलं लिहितो आणि गिऱ्हाईक सांभाळतो. नागपुरात त्याच्यासारखं कुसू, सांध्याच्या भोकात बसणारं ते टोक, कुणी कापत नव्हतं, मनू. कुणीच नाही. तुझा हात अगदी त्याच्यावर गेलाय, आजी पहिल्यापासून म्हणायची.

तुझ्या टेबलाचा तो सांधा मी मोठा करून पाहिला. पायाचं कुसू भोकात नुसत्या तळव्याच्या दाबानं बसलंय, कडेला केसाइतकीही फट नाही. दिगूला दाखवला. तो बराच वेळ मोबाईल धरून बसला, मग म्हणाला, "हे मशीनचं नाही, हातचं आहे." मी हो म्हणालो. दुकानात आलेल्या प्रत्येकाला तो फोटो दाखवतोय, कालच्या प्लायवूडवाल्यालाही दाखवला, त्याला बिचाऱ्याला फक्त चेक हवा होता. आई म्हणते, पोरीला सांगा तरी हे. तर सांगतो. इतकं चांगलं मला तुझ्या वयात येत नव्हतं.

आणि म्हणूनच तो व्हिडिओ मला झोपू देत नाही. ज्या हातांनी तो सांधा केला ते हात त्या पात्यापासून वीतभर अंतरावर होते.

ग्राइंडर फेकून दे म्हणत नाही. लोखंडाला तो हवाच, अँगल कापायला, वेल्डिंग साफ करायला. पण गार्ड लावून. साइड हँडल लावून, दोन्ही हातांनी. चकतीवर छापलेला आर.पी.एम. मशीनच्या आर.पी.एम.पेक्षा जास्त हवा. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असते, ती उलटून गेलेली चकती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नकोस. रेझिन जुनं झालं, ओल लागली की चकती कमजोर होते. चकतीच्या रेषेत उभी राहू नकोस, बाजूला राहा. चष्मा घाल, आणि एमडीएफ कापताना मास्क. पुन्हा लेक्चर सुरू झालं बघ. हे शेवटचं, खरंच.

लाकडासाठी सर्क्युलर सॉ घे. तुला तो जड वाटतो हे मला माहीत आहे, साडेतीन-चार किलोचा असतो, आणि ग्राइंडर त्याच्या निम्माही नाही. पण त्याचं वजन लाकूड पेलतं, मनगट नाही. फळीवर एक सरळ पट्टी क्लॅम्प करून तिच्या कडेनं ढकल, दोन दिवसांत हात बसेल. बारीक वळणांना जिगसॉ आहेच तुझ्याकडे. घेताना साक्षीच्या ओळखीच्या दुकानात जा, पण डब्यावर विश्वास ठेवू नकोस. प्लग न लावता खालचं गार्ड हातानं मागे ओढ आणि सोड. ते खटकन पूर्ण बंद झालं पाहिजे. अडखळलं, हळू आलं, तर दुसरा पीस काढायला लाव, दुकानदार कितीही तोंड वाकडं करो. तळपट्टी पात्याला काटकोनात आहे का ते आबांच्या गुण्यानं बघ. पैसे आईच्या खात्यातून टाकलेत, ते परत पाठवायचे नाहीत. शेवेचा डबा करवतीच्या बाजूला आहे, आईनं मुद्दाम जाडी शेव केलीय.

तुझा,
बाबा

ता. क. दिगूकाका विचारतोय, पुढचं टेबल सागवानाचं करणार असशील तर इथून आठ फुटी चार फळ्या पाठवू का? भाव तोच बोलेल टालवाल्याशी. फोन त्याला कर. मला केलास तरी चालेल.