आडनाव विचारू नका, तपासणी करा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थॅलेसेमिया दिनानिमित्त कालच्या अंकात आलेला लेख वाचला. रक्तदान शिबिराचा मोठा फोटो छापलात, त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या नातवाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या या रक्ताच्या आजाराचा गंभीर प्रकार, आणि अशा दात्यांच्या रक्तावरच तो वाढतो आहे. पण 'हा आजार ठराविक समाजांत आढळतो' या वाक्याशी आले आणि पुढे वाचवेना. याच समजुतीने आमच्या घराचं नुकसान केलं आहे.

माझ्या मुलीला दिवस गेले तेव्हा तिचं हिमोग्लोबिन ९.४ होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. घरी खजूर, अळीव, बीट चालूच होतं. आकडा हलेना, म्हणून गोळ्या वाढवल्या. तिच्या नणंदेने थॅलेसेमियाच्या तपासणीचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सिंधी की पंजाबी? नाही ना? मग कशाला उगाच खर्च?" आडनाव पाहून विषय संपला.

नातू सात महिन्यांचा असताना पांढराफटक पडला, दूध पिईना, पोट फुगलं. मग तपासण्या झाल्या. मुलगी आणि जावई दोघेही 'मायनर' निघाले, म्हणजे वाहक. दोघांची तब्येत ठणठणीत, त्यामुळे शंका येणार कशी? पण मुलीच्या गरोदरपणातल्या जुन्या रिपोर्टवर सगळं छापलेलं होतं. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ६४ इतका कमी, आणि त्या पेशींची संख्या मात्र नेहमीपेक्षा जास्त. लोह कमी पडलं की सहसा ही संख्याही उतरते. पेशी बारीक आणि संख्या जास्त दिसली की एचबीएटूची, म्हणजे वाहक ओळखण्यासाठीची हिमोग्लोबिनची तपासणी करायची, हे रक्तविकारतज्ज्ञांनी आम्हाला दोन मिनिटांत समजावलं. तेवढं आधी कोणी पाहिलं असतं तर जावयाचीही तपासणी झाली असती, आणि दहा-बारा आठवड्यांतच वारेचा नमुना घेऊन बाळाचं कळलं असतं. पुढे काय करायचं ते त्या दोघांनी ठरवलं असतं. ती संधीच त्यांना मिळाली नाही.

सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजात प्रमाण जास्त आहे, हे खरं. पण वाहक सगळ्या जातिधर्मांत आहेत. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. आडनावामुळे ती कमी होत नाही. आणि 'ठराविक समाज' लिहून तुम्ही पिंपरीतल्या सिंधी मुलींच्या सोयरिकीतही विनाकारण अडचण आणता, तेही बरं नाही.

माझी मागणी एवढीच आहे. महापालिकेच्या दवाखान्यात असो की खासगीत, गरोदर बाईचं नाव नोंदवतानाच ही तपासणी व्हावी, आणि ती वाहक निघाली तर नवऱ्याची त्याच आठवड्यात. सायप्रसमध्ये १९८० च्या दशकापासून लग्नाआधी तपासणीचा दाखला लागतो. दाखल्यावर निकाल नसतो, तपासणी झाली एवढंच असतं. वाहक जोडप्यांचीही लग्नं होतात, पण थॅलेसेमियाची नवी बाळं तिथे जवळजवळ जन्मत नाहीत. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारासाठी २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम चालू आहे, ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. मग थॅलेसेमियाच्या वाट्याला फक्त रक्तदान शिबिर का? रक्त आजारी मुलाला जगवतं. पुढचं मूल आजारी जन्माला येऊ नये म्हणून तपासणीच लागते.

जाता जाता आणखी एक. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, आणि रक्तपेढीच्या खिडकीवर आम्हाला सांगतात, "बदली दाता आणा." नातवाला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं, दर वेळी दाता आणायचा कुठून? या मुलांना रक्त मोफत आणि बदली दात्याची अट न घालता द्यावं, असं सरकारचं धोरण आहे. आपल्या बातमीदाराने एकदा त्या खिडकीपाशी उभं राहून पाहावं आणि जे दिसेल ते छापावं.

एक आजी, धनकवडी, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)