माळावर खड्डे खणण्याआधी पाऊस पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की मराठवाड्यात वृक्षलागवडीच्या बातम्या सुरू होतात आणि भाषणांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : इथे झाडे नाहीत म्हणून पाऊस नाही. अनेक वर्षे भूगोल शिकवल्यामुळे मला कळकळीने सांगावेसे वाटते की गोष्ट उलटी आहे. इथे पाऊस कमी, तोही मुख्यतः चार महिन्यांत पडणारा, म्हणून इथल्या बहुतेक भागात दाट जंगल नाही.

अरबी समुद्रावरून आलेले वारे आपले बहुतेक पाणी सह्याद्रीवरच टाकतात. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जवळपास त्याच अक्षांशावरच्या धाराशिवला मात्र ७००-८०० मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. पुढे कोरडा हिवाळा आणि चाळिशी ओलांडणारा उन्हाळा. मराठवाड्याच्या आतही फरक आहेच. आष्टी-पाटोद्यापेक्षा किनवट-माहूरकडे पाऊस बराच जास्त, म्हणून तिकडे सागाचे जंगल आणि इकडे माळ.

जगभर हेच दिसते. व्लादिमिर कोपेन या शास्त्रज्ञाने हवामानाचे विभाग पाडले तेही कुठे कोणती वनस्पती वाढते हे पाहूनच. काँगो-अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात बारमाही ऊब आणि भरपूर पाऊस, म्हणून सदाहरित अरण्य. सायबेरियात लांबलचक हिवाळा, म्हणून सूचिपर्णी तैगा. त्याच्याही उत्तरेला जमीन खाली कायमची गोठलेली. मुळे खोल जाऊच शकत नाहीत, म्हणून टुंड्रात शेवाळ आणि खुरटी झुडपे. आणि उष्ण प्रदेशात जिथे पावसाचा हंगाम आखूड व कोरडा काळ लांब, तिथे सॅव्हाना, म्हणजे गवत आणि मधूनमधून झाड. सेरेंगेटीच्या बऱ्याच भागात पाऊस आपल्याइतकाच पडतो. आपले माळरान त्याच कुळातले आहे.

हा माळ रिकामा नाही. कुसळी, मारवेल, पवन्या ही गवते, मध्ये हिवर, बोर, बाभूळ. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांचे घर इथेच. धनगरांची मेंढरे, देवणी आणि लाल कंधारी जनावरे याच चाऱ्यावर वाढली. गवताचा कार्बन बराचसा मुळांतून जमिनीखाली साठतो. दुष्काळात पाती वाळली तरी तो तिथेच राहतो.

पण सरकारी नकाशात अशी बरीच जमीन पडीक म्हणून रंगवलेली असते. १९८८ च्या वननीतीत एक तृतीयांश भूभाग झाडांखाली असावा असे म्हटले आहे. ते उद्दिष्ट देशाचे आहे, प्रत्येक जिल्ह्याने ते जसेच्या तसे गाठावे असे नाही. तरी आकडा भरण्यासाठी माळावर चर खोदले जातात आणि गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या जातात. आमच्या भागातल्या एका गायरानावर हेच झाले. रोपे बरीचशी उन्हाळ्यात वाळली. जी जगली त्यांच्या सावलीत मारवेल उगवत नाही, आणि मेंढपाळांना तिथून हाकलले जाते ते वेगळेच.

झाडे लावूच नयेत असे मी मुळीच म्हणत नाही. ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात, शाळेच्या आवारात वड, लिंब, चिंच, करंज जरूर लावावेत. किनवट आणि गौताळ्यातले उजाड झालेले जंगल पुन्हा उभे करावे. माळावर मात्र खड्ड्यांऐवजी स्थानिक गवताचे बी पेरावे आणि चराई आळीपाळीने ठेवावी.

येत्या पावसाळ्याचे लागवडीचे आराखडे बनवताना प्रत्येक तालुक्याचे पर्जन्यमान आणि तिथली मूळ वनस्पती शेजारी मांडावी, त्या गावच्या मेंढपाळांना बैठकीला बोलवावे आणि माळरानाची नोंद पडीकमधून काढून गवताळ परिसंस्था म्हणून स्वतंत्रपणे करावी, अशी संबंधित विभागांना माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. बीड