सर, सात नंबर आता दिसते

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सहा वर्षं उशिरा लिहितेय. त्या फायनलनंतर तुम्ही माझ्यावर ओरडला असतात, तर मी बास्केटबॉल सोडलाच असता.

आपण एका गुणाने मागे होतो, चार सेकंद उरले होते. रिंगखाली चेंडू माझ्या हातात आला, दोघी अंगावर आल्या, तरी उडी मीच मारली. डाव्या कोपऱ्यात आपली सात नंबर एकटी उभी होती, दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरून. मला ती दिसलीच नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली.

दुसऱ्या दिवशी ग्राउंडच्या पायऱ्यांवर बसून तुम्ही मोबाइल काढलात. १८ जून २०१३, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या फायनलचा सहावा सामना. सॅन अँटोनियोविरुद्ध मायामी मालिकेत २-३ ने मागे आणि सामन्यात ९२-९५ ने. मायामीच्या लेब्रॉनचा तीन गुणांचा शॉट हुकला, परत उडालेला चेंडू त्यांच्याच ख्रिस बॉशच्या हातात. तिथे तुम्ही व्हिडिओ थांबवलात. "आता काय करायचं याने?" मी म्हटलं, रिंग तर डोक्यावरच आहे. "तीन गुण हवे आहेत, पोरी. तिथून दोनच मिळणार."

मग पुढचं दाखवलंत. रे अ‍ॅलन हा बॉशचा साथीदार उलट्या पावलांनी उजव्या कोपऱ्यात सरकतोय, बॉश खाली येता येताच त्याला पास देतो. तीन गुणांचा शॉट आत, ९५-९५. तेवढा भाग तुम्ही मला कितीदा दाखवलात, आणि दर वेळी एकच प्रश्न: "याचे डोळे कुठे आहेत?"

ओव्हरटाइममध्ये मायामी १०३-१०० ने जिंकली, सॅन अँटोनियोचा शेवटचा शॉटही बॉशनेच अडवला. सातव्या सामन्यात त्याचा एकही गुण नाही, तरी मायामी चॅम्पियन. हाच माणूस टोरांटोत असताना २००९-१० मध्ये सामन्याला सरासरी २४ गुण करायचा, हे तुम्ही मुद्दाम शेवटी सांगितलंत. मी बराच वेळ गप्प बसले होते, आठवतं?

त्यानंतर महिनाभर ड्रिबल, म्हणजे चेंडूचे टप्पे मारत पुढे जाणं, बंद. चेंडू हातात यायच्या आत मोकळ्या मुलीचं नाव ओरडायचं, नाव चुकलं की चेंडू परत. पहिले आठ दिवस माझ्या तोंडून कुणाचंच नाव वेळेवर निघेना. मग हळूहळू कोर्ट मोठं दिसायला लागलं. पुढच्या वर्षी सेमीफायनलला तशाच गर्दीत माझ्या तोंडून सात नंबरचं नाव निघालं, तेव्हा चेंडू माझ्यापर्यंत पोचलाही नव्हता. तिने शॉट मारला, आपण जिंकलो, आणि ती धावत आधी तुमच्याकडे नाही, माझ्याकडे आली.

सर, त्या दुपारच्या उन्हात माझ्यासाठी थांबलात, त्याबद्दल मनापासून आभार. आता मीही चौदा मुलींना शिकवते. ड्रिबल बंद आहे सध्या. एकदा येऊन बघाल का?

तुमची,
अकरा नंबर