गाडी कंपनीला लावायच्या आधी कागद मागा

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गल्लीतला एक पोरगा पुढच्या महिन्यात दहा टायरी ट्रक घेतोय. चार वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता, डाउन पेमेंटला आईचे दागिने मोडलेत, बाकी सगळं फायनान्सवर. परवा मला विचारायला आला की काका, गाडी ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ठरलेल्या कामाला लावू का स्वतःच माल शोधत मार्केटला फिरवू? मी कोल्हापूरचा, एकच गाडी आहे, स्वतः चालवतो आणि दोन्ही करून झालंय, म्हणून त्याला जे सांगितलं ते तुमच्या पेपरातून बाकीच्या पोरांपर्यंत पण जावं असं वाटतं.

मी सुरुवातीला गाडी लावली होती एका कंपनीला. शिरोलीतनं कास्टिंग भरायचं, चाकणला खाली करायचं, महिन्याला दहा फेऱ्या ठरलेल्या. माल शोधायची कटकट नाही, दलालाच्या ऑफिसबाहेर दोन-दोन दिवस बसायचं नाही, घरी कधी येणार ते बायकोला सांगता यायचं, हे सुख खरंच मोठं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण रेट ठरला होता तोंडी. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईत डिझेल ८०-८१ रुपये होतं, ऑक्टोबरमध्ये शंभरच्या वर गेलं, इकडं पण तसंच वाढलं. माझी गाडी भरलेली असली की लिटरला चार किलोमीटर देते, म्हणजे लिटरमागं वीस रुपये वाढले की किलोमीटरमागं पाच रुपये गेले, आणि महिन्याला पाच हजार किलोमीटर धरले तर २५ हजार. तो सगळा माझा हप्ता होता. रेट वाढवा म्हणायला गेलो तर म्हणाले परवडत नसेल तर काढा गाडी, बाहेर दहा उभ्या आहेत.

त्यात बिल निघायचं तीन महिन्यांनी. हे पोरांना कुणी सांगतच नाही. फायनान्सवाला पाच तारखेला हप्ता ओढतो, डिझेल रोख, टोल फास्टॅगमधून, टायर रोख, आणि तुमचं भाडं नव्वद दिवस दुसऱ्याच्या खात्यात पडून, म्हणजे गरीब गाडीवाला कंपनीला बिनव्याजी पैसे वापरायला देतो असंच झालं की हे. वर टीडीएस, म्हणजे भाड्यातून आधीच कापायचा टॅक्स, तो पण कापत होते. दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या मालकानं पॅन देऊन तसं लिहून दिलं तर कापायचा नसतो, हे मला वर्षानं एका सीएच्या ऑफिसात कळलं.

मग गाडी काढली आणि मार्केटला आलो. कोल्हापूरचा गूळ गुजरातला न्यायचा, येताना मोरबीची टाइल्स. भाड्यातला मोठा हिस्सा लोडिंगलाच अ‍ॅडव्हान्स मिळतो, बाकी माल पोचल्याची पावती दिल्यावर, हे बरं आहे. पण पावसाळ्यात तीन-तीन दिवस गाडी उभी, रिटर्न मिळालं नाही तर रिकामी आणा, दलालाचं कमिशन, वर वाराई, म्हणजे माल चढवा-उतरवायची हमाली. ज्याचा माल त्याचा हमाल असं आम्ही सगळे बोलतो पण खिसा आमचाच सुटतो. दोन-तीन हप्त्यांचे पैसे बाजूला नसतील तर पहिल्याच पावसाळ्यात फायनान्सवाले गाडी ओढून नेतील.

म्हणून मी पोराला सांगितलं, पहिली दीड-दोन वर्षं गाडी लाव, पण लेखी करारावर. करारात डिझेल अमुक रुपयांनी वाढलं की रेट किती वाढणार ते आकड्यात पाहिजे, गाडी अडकवून ठेवली तर दिवसाचे किती ते पाहिजे, आणि काढून टाकायची तर किती दिवस आधी सांगणार ते पाहिजे. आणि गाडी लावायच्या आधीच उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून घे, ती फुकट आहे, एजंटला एक रुपया देऊ नको. एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा आहे, त्यात छोट्या उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचेत, लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. आणि २०२४ पासून आपले वेळेत न दिलेले पैसे कंपनी जोवर देत नाही तोवर तिला ते इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, त्यामुळं त्यांचा अकाउंटंट स्वतःच घाई करतो. मला हे तेव्हा माहीत असतं तर गाडी काढायची वेळच आली नसती कदाचित.

साहेब, तुमच्या पेपरात कर्जाच्या जाहिराती येतात, नवीन गाड्यांच्या येतात. त्याच पानावर एकदा हा ४५ दिवसांचा नियम आणि उद्यम नोंदणी कशी करायची ते साध्या मराठीत छापा ना. पोराची चेसिस पुढच्या महिन्यात येतेय, त्याच्या आधी आलं तर कात्रण घेऊनच मी त्याच्याबरोबर कंपनीच्या ऑफिसात जाईन.

– एक गाडीमालक, कोल्हापूर